पर्यटकाला खरंच फक्त वाघ हवा असतो का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं गाव ताडोब्याच्या बफरमध्ये आहे (कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा गावं असलेला पट्टा), तुम्ही ग्राम परिस्थितीकीय विकास समितीवर आहात, यंदा समितीने गेटवर पर्यटकांकडून फॉर्म भरून घेतले आणि "काय बघायला आवडेल" या रकान्यात जवळपास सगळ्यांनी वाघ लिहिलं. आता समितीतले काही जण म्हणतायत की पाखरं, तलाव, होमस्टे, पायवाट यात पैसे घालून उपयोग नाही, त्यापेक्षा गाड्या वाढवून मागू. आणि तुम्ही विचारताय की पर्यटकाला खरंच तेवढंच हवं असतं का, आणि तसं असेल तर समितीने काय करायचं.

मी या पट्ट्यात बावीस वर्षं काढली, आधी गाइड म्हणून, मग गाइडांना ट्रेनिंग देणारा म्हणून, आणि मधली बरीच वर्षं गेटवर उभं राहून परत येणाऱ्या गाड्यांशी बोलण्यात गेली. त्यावरून सांगतो, फॉर्म खोटा नाही पण प्रश्न चुकलाय. भुकेल्या माणसाला हॉटेलच्या दारात विचारलं काय खाणार तर तो बोर्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे लिहिलंय तेच सांगणार ना. आपल्या बोर्डावर गेली वीस वर्षं वाघच लिहिलाय. चंद्रपूरच्या स्टेशनापासून मोहर्ली गेटपर्यंत रस्त्याने किती वाघांची चित्रं आहेत मोजा एकदा.

आत जाताना माणूस जे मागतो आणि बाहेर आल्यावर ज्या गोष्टीवरून खूश किंवा नाराज असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. एप्रिल महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं होतं, त्यांना गेटपासून दहा मिनिटांत वाघीण दिसली, पण दिसली म्हणजे कशी, पुढे-मागे वीसेक जिप्सी गाड्या, धूळ, ड्रायव्हर एकमेकांवर ओरडतायत, त्यांची गाडी तिसऱ्या रांगेत आणि मुलगी सीटवर उभी राहून रडतेय की मला काहीच दिसत नाही. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "वाघ बघितला, पण पुन्हा नको." त्याच आठवड्यात नागपूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको, त्यांना वाघ मुळीच दिसला नाही. पण त्यांच्या गाइडने एका वारुळापाशी गाडी थांबवून अस्वलाने रात्री खणलेली ताजी माती दाखवली, कुलूच्या पांढऱ्या खोडावरचे नखांचे ओरखडे दाखवले, चितळाचा कॉल (धोका दिसला की दिलेली हाक) आणि सांबराचा कॉल यातला फरक सांगितला, मग पाऊण तास एका पाणवठ्यावर गाडी बंद करून नुसतं बसवून ठेवलं. सर पुढच्या वर्षी आले, त्याच्या पुढच्या वर्षी भावाला घेऊन आले, आणि दर वेळी तोच गाइड मिळेल का हे पहिलं विचारलं. दोघांच्याही फॉर्मवर "वाघ" लिहिलेलं असणार याची मला खात्री आहे.

म्हणून वाघ नको असतो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. २०२२ च्या व्याघ्रगणनेत ताडोबा-अंधारीत ९७ वाघ मोजले गेले, लोक त्यासाठीच येणार आणि यावेत. पण मी उलट्या बाजूने बघतो. ताडोब्यात वाघ इतक्या वेळा दिसतो की त्याच्यामुळे आपलं बाकीचं ढिसाळ काम झाकलं जातं. गेटवर संडास घाण, गाइड गप्प, गाडीची सीट तुटलेली, पण वाघ दिसला की माणूस सगळं माफ करतो. ज्या दिवशी दिसत नाही त्या दिवशी या सगळ्याचा हिशोब निघतो.

मेळघाटात जाऊन या एकदा समितीला घेऊन, अगदी मनापासून सांगतोय. तिथे कोअर-बफर मिळून पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल, सगळा डोंगर-दऱ्यांचा भाग, वाघ आहेत पण दिसणं अवघड. तिथल्या लोकांना वाघाच्या भरवशावर बसताच येत नाही. तरी कोलकास, सेमाडोहला लोक मुक्काम करतात, सिपना नदीच्या काठी बसतात, चिखलदऱ्याचे कडे आणि धुकं बघतात, कोरकू गावातून फिरतात, आणि जे जातात ते पुन्हा जातात. तिथला गाइड वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडत नाही कारण त्याच्याकडे दिवसभराचं दाखवण्यासारखं दुसरं आहे. आपल्याकडचा गाइड सकाळी साडेआठपर्यंत वाघ नाही मिळाला तर निम्मा मेलेला असतो.

दुसरं उदाहरण पेंचचं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे उजेड खाली जमिनीकडेच पडेल असे बदलले, आकाशगंगा बघायची सोय केली. आता सांगा, त्याआधी गेटवर फॉर्म दिला असता तर कोणी लिहिलं असतं का की मला चांदण्या बघायच्या आहेत? एकानेही नाही. आवड आधीपासून तयार असते आणि आपण फक्त ती पुरवायची असते असं नसतं, बऱ्याचदा चांगली गोष्ट नीट समोर ठेवल्यावर आवड तयार होते.

आता पर्यटक पर्यटक आपण म्हणतो पण तो एक माणूस नाहीये. मोठ्या लेन्सवाला फोटोग्राफर वेगळा, त्याला प्रकाश हवा, कोन हवा, पूर्ण दिवसाची सफारी परवडते आणि तो नाव घेऊन वाघ मागतो. माया वाघीण दिसत होती तोवर निम्मे लोक "माया कुठे आहे" एवढंच विचारायचे, २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली तेव्हा बुकिंग करून बसलेले लोक अक्षरशः हिरमुसले होते. पुण्या-मुंबईचं रिसॉर्टवालं कुटुंब वेगळं, त्यांना मुलांना काहीतरी शिकायला मिळावं असं वाटतं आणि सुरक्षित वाटणं फार महत्त्वाचं असतं. नागपूर, चंद्रपूर, वणी, वर्ध्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परतणारे आपलेच लोक वेगळे, त्यांना कोअरचं बुकिंग मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, ते बफरमध्ये येतात आणि त्यांना डबा खायला एक सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी हवं असतं. पौषात ताडोबा देवाच्या दर्शनाला येणारे, रामदेगीला येणारे लोक तर स्वतःला पर्यटक समजतही नाहीत. आणि बोरिवलीचं संजय गांधी उद्यान घ्या, तेही राष्ट्रीय उद्यानच आहे, जेमतेम शंभर चौरस किलोमीटरच्या वर, भोवताली मुंबई-ठाणे, तिथे येणाऱ्या बहुतेकांना पहाटे चालायचं असतं, कान्हेरीला जायचं असतं, झाडाखाली बसायचं असतं. तिथला बिबट्या त्यांना दिसूच नये अशीच अनेकांची इच्छा असेल. तर "राष्ट्रीय उद्यानात पर्यटकाला काय हवं" याचं एक उत्तर नाहीच. तुमच्या गेटवर यातले कोण येतात ते आधी मोजा. बफरचं छोटं गेट असेल तर माझा अंदाज की जवळपासचे लोकच जास्त असतील, आणि त्यांच्यासाठी कोणीच काही करत नाही.

आता गर्दीचं बोलू, कारण माझ्या मते सगळं तिथे अडलंय.

गाड्या वाढवून मागायच्या म्हणता. समजा मिळाल्या. मग काय होईल ते आपण रोज बघतोच. उन्हाळ्यात पाणवठे मोजके, वाघ पाण्यावर येणार हे सगळ्यांना माहीत, वेगवेगळ्या गेटवरून शिरलेल्या गाड्या फिरून फिरून पांढरपौनीच्या पाण्यावरच जमतात. एका गाडीला दिसला की पाच मिनिटांत दहा गाड्या. हे ड्रायव्हर वाईट आहेत म्हणून होत नाही. गाइड आणि ड्रायव्हरची रोजची कमाई ठरलेली असते, वरचे पैसे टिपमध्ये, आणि टिप मिळते वाघ दिसल्यावर, जवळून दिसल्यावर जास्त. ज्याने नियम पाळून गाडी लांब ठेवली त्याला त्या दिवशी कमी मिळतं आणि ज्याने पुढे घुसवली त्याला हजार रुपये मिळतात. ही रचना आपणच केलीय आणि मग गाइडला शिस्तीचं व्याख्यान देतो. ट्रेनिंगमध्ये मी स्वतः वर्षानुवर्षं तेच व्याख्यान दिलं आणि काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो एका छोट्या गेटवर जिथे पोरांनी ठरवलं की टिप एका डब्यात टाकायची आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांत सारखी वाटायची. भांडणं झाली, दोघं सोडून गेले, पण घुसवाघुसवी कमी झाली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

याचं टोक काय असतं ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवलेली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले. त्या गाड्यांत बसलेले पर्यटक काही राक्षस नव्हते, वर्षाचा शेवटचा दिवस, पैसे भरलेले, समोर पाच पिल्लं. त्यांची पसंती विचारली असती तर शंभर टक्के "अजून जवळ" हीच आली असती. म्हणून मी म्हणतो की पसंती ऐकायची सगळी पण पुरवायची सगळी नाही. काही मागण्या समितीने ठाम नाही म्हणायच्या असतात, आणि नाही कुठे म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवायचं असतं कारण वाघ समोर असताना कोणाचं डोकं चालत नाही.

नाही म्हणायला आधार नाही असंही नाही. जुलै २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटनच थांबवलं होतं, तुमच्या वडिलांना आठवत असेल, विचारा, गेट पुन्हा उघडेल की नाही या काळजीने मोहर्लीत किती घरांत झोप नव्हती. ऑक्टोबरमध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि बंदी उठली. त्यात आहे की कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला, तोही आधी वापरात असेल त्यापेक्षा वाढवायचा नाही. ताडोब्याचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर झालं. प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, प्राण्याला घेरायचं नाही, मागे गाड्या असतील तर एकाच गाडीने जागा अडवून बसायचं नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. ते कागद मराठीत करून गेटवर लावा, पर्यटकाला गाडीत बसायच्या आधी वाचायला द्या. मोबाइल बंदीवरून लोक कुरकुरतात, पण ती बंदी सेल्फीपेक्षा फोनसाठी आहे, एका ड्रायव्हरने दुसऱ्याला जागा कळवली की गर्दी झालीच.

आणि वाघावर याचा परिणाम होतो का, तर होतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमध्ये वाघांच्या विष्ठेतून ताणाची हार्मोन्स मोजली, २०१९ मध्ये ते काम छापून आलं, पर्यटन सुरू असतानाच्या महिन्यांत ताण जास्त आणि गेट बंद असताना कमी, आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा थेट संबंध. ज्या गोष्टीवर आपलं गाव जगतंय तिलाच आपण दमवतोय हे समितीला या भाषेत सांगा, आकडे नका सांगू, गायीच्या भाषेत सांगा, सारखी हाकलली तर दूध आटतं हे कोणालाही कळतं.

आता तुमचा सर्वे. पुन्हा करा, पण असा करा.

पहिलं म्हणजे आत जाताना नाही, बाहेर येताना विचारा. आणि गाइडने विचारू नये. गाइड शेजारी उभा असताना माणूस गाइडबद्दल खरं बोलत नाही, गोड गोड लिहितो. रिसॉर्टच्या मॅनेजरकडे फॉर्म देऊन ठेवू नका, तो नाराज पाहुण्याला फॉर्मच देणार नाही. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरींना बसवा, त्यांना मानधन द्या, मुली विचारायला असल्या की बायका पर्यटक मोकळं बोलतात आणि बायकांची उत्तरं फार महत्त्वाची आहेत. का ते सांगतो. सफारी चार तासांची, आतमध्ये सोय मोजक्या ठिकाणी, त्यामुळे किती बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. हे मला एकाही पुरुषाने कधी फॉर्मवर लिहून दिलं नाही. महिला गाइड आल्यावर त्यांच्याकडून कळलं.

दुसरं, "आवडेल का" असं विचारूच नका. आवडेल का म्हटलं की सगळंच आवडतं, पक्षी आवडतील, फुलपाखरं आवडतील, आदिवासी संस्कृती आवडेल, गावाचा विकासही आवडेल. त्यातून काय कळणार? निवड करायला लावा. दोन कार्डं समोर ठेवा. एका कार्डावर: वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण एका जागी पंधरा-वीस गाड्या, किंमत आत्ता आहे तीच. दुसऱ्यावर: शक्यता थोडी कमी, एका जागी फक्त चार गाड्या, झाडं-पाखरं ओळखणारा गाइड, पाचशे रुपये जास्त. आणि तिसरा पर्याय, दोन्ही नको, मी आलोच नसतो. अशा सहा-आठ जोड्या करा, दर जोडीत एक-दोन गोष्टी बदला, किंमत बदला, गाड्यांची संख्या बदला, गाइड बदला, जेवणाची सोय घाला-काढा. माणसाला काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावं लागतं तेव्हाच कळतं की त्याला खरंच किती हवंय. अभ्यासक लोक याला चॉइस एक्सपेरिमेंट म्हणतात आणि त्यावर मोठी गणितं करतात, तुम्हाला गणित करायची गरज नाही, कोणतं कार्ड किती वेळा उचललं एवढं मोजलं तरी समितीत बोलायला पुरेसं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या कॉलेजातल्या एखाद्या मास्तरांनी मदत केली तर उत्तमच.

तिसरं, शनिवार-रविवार आणि मधले वार वेगळे ठेवा, डिसेंबर आणि मे वेगळे ठेवा. मेमध्ये येणारा घाम गाळून वाघासाठीच येतो, डिसेंबरमध्ये येणारा सुट्टीसाठी येतो. दोघांची सरासरी काढली तर असा पर्यटक तयार होतो जो अस्तित्वातच नाही.

आणि वाघ दिसला की नाही हे फॉर्मच्या शेवटी विचारा, सुरुवातीला नाही. सुरुवातीला विचारलं की बाकीची सगळी उत्तरं त्याच रंगात रंगतात. मग नंतर दिसलेल्यांचे आणि न दिसलेल्यांचे गठ्ठे वेगळे करून बघा, न दिसलेल्यांपैकी जे खूश गेले ते कशामुळे खूश गेले हे वाचा. तुमच्या गावाची पुढची दहा वर्षं त्या छोट्या गठ्ठ्यात आहेत असं मला वाटतं.

पैशाबद्दल एक गोष्ट. "गावासाठी जादा पैसे द्याल का" याला लोक हो म्हणतात आणि प्रत्यक्षात खिशात हात घालताना हात अडखळतो, त्यात त्यांना दोष देऊ नका, सगळ्यांचंच तसं असतं. पण पैसे कुठे जाणार हे नेमकं लिहिलं तर फरक पडतो. "ग्रामविकास निधी" असं लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही, "या पैशातून गावातल्या अमुक शेतांना सौर कुंपण" असं लिहिलं आणि मागच्या वर्षी झालेल्या कुंपणाचा फोटो लावला तर माणूस थांबून वाचतो. जंगलालगतच्या गावांसाठीच्या जन-वन योजनेतून गॅस, कुंपण अशी कामं तुमच्याकडेही झाली असतील, त्याचे फोटो काढलेत का कोणी?

आता गावाने काय द्यायचं. होमस्टे जरूर करा पण रिसॉर्टची नक्कल करू नका. माणसं तुमच्या घरी स्विमिंग पूलसाठी येत नाहीत. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या मागण्या अगदी साध्या निघाल्या, संडास-बाथरूम स्वच्छ आणि आतून कडी लागणारं, मच्छरदाणी, अंघोळीला गरम पाणी, रात्री शांतता, आणि घरी जे शिजतं ते जेवण. वडाभात करा, पाटवडीचा रस्सा करा, ज्वारीची भाकर करा. पनीर बटर मसाला त्यांना पुण्यात मिळतो. मुलांचा नाच-गाण्याचा कार्यक्रम पाहुण्यांसमोर दर शनिवारी ठेवायचा असं काही गावं करतात, मला ते बरं वाटत नाही, सणाच्या दिवशी पाहुणे असतील तर त्यांना सोबत घ्या, मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, झाडीपट्टीचं नाटक असेल तर चटईवर बसवा, ते वेगळं.

पायवाटेचं मात्र जपून. पर्यटकांना चालायला आवडतं हे खरं आहे, तुमच्या फॉर्ममध्ये नसेल तरी कार्डं ठेवली की दिसेल. पण हा वाघांचा बफर आहे, याच जिल्ह्यात मे २०२५ मध्ये सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलातून पायी नको म्हणजे नकोच. तलावाच्या पाळीवरून, मोकळ्या शेतातून, उजेड नीट पडल्यावर, दोन गाइड सोबत, लहान गट, आणि वनखात्याची परवानगी घेऊनच. हिवाळ्यात आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर किती बदकं उतरतात, तेवढ्यावर एक चांगली सकाळ निघते. पावसाळ्यात कोअर तीन महिने बंद असतो तेव्हा बफरमध्ये हिरवं जंगल, फुलपाखरं, भातरोवणी, या दिवसांत येणारा माणूस वाघाच्या आशेने आलेलाच नसतो, त्याच्यापासून सुरुवात करा, तो सगळ्यात कमी तक्रार करतो.

आणखी एक पसंती कोणी विचारत नाही ती म्हणजे तुमच्या गावातल्या बायकांची. मार्च-एप्रिलमध्ये त्या पहाटे मोहफुलं वेचायला निघतात, त्याच वेळेला गेटकडे निघालेल्या जिप्सी त्याच रस्त्याने सुसाट जातात. कोणाला विचारून? सर्वेची कार्डं त्यांच्यासाठीही करा. कोणत्या वाटेवर गाड्या नकोत, कोणत्या महिन्यात नकोत, किती वाजायच्या आत नकोत. मला विचाराल तर पर्यटकाच्या पसंतीच्या आधी हा कागद वनखात्यासमोर ठेवा. मोहाच्या दिवसांत गाड्यांचा रस्ता बदलला तर पर्यटकाचं काही बिघडत नाही, त्याला सांगितलं की तो समजून घेतो, उलट वाटेत मोह वेचणाऱ्या बाईशी दोन मिनिटं बोलायला मिळालं तर तेच त्याच्या लक्षात राहतं.

गाड्या वाढवायच्या अर्जाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर तो अर्ज केला नसता. त्याऐवजी आहेत त्या गाड्यांना दोन वेगळे रस्ते आणि पाणवठ्यावर एका वेळी किती गाड्या थांबतील याची मर्यादा मागितली असती. कान्ह्यात झोन पाडलेत, रणथंबोरमध्ये झोन पाडलेत, त्यांच्याही अडचणी आहेत पण सगळ्या गाड्या एका जागी जमणं त्याने कमी होतं. एखाद्या वाघिणीमुळे एका बफर गेटचं नाव होतं तसं जुनाबाईमुळे मदनापूरचं झालं, पण वाघीण म्हातारी होते, जागा बदलते, आणि मग तिच्या भरवशावर घेतलेल्या जिप्सींचे हप्ते कोणी फेडायचे? तुमच्या गावातल्या किती पोरांनी कर्ज काढून गाडी घेतलीय ते आधी मोजा आणि मग ठरवा.

सुरुवात छोटी करा. मंगळवारी कोअरचं गेट बंद असतं, गाइड-ड्रायव्हर मोकळे असतात, त्या दिवशी बैठक लावा. कार्डं हाताने लिहिली तरी चालतील, चित्रं शाळेतल्या पोरांकडून काढून घ्या. आधी स्वतः गाइड लोकांना ती कार्डं खेळायला द्या आणि पर्यटक कोणतं उचलेल याचा अंदाज त्यांना लिहायला लावा, तो कागद बंद पाकिटात ठेवा. दोन महिन्यांनी उत्तरं आली की सगळ्यांसमोर उघडा. आणि बैठकीला मोहवाल्या बायकांना बोलवायचं विसरू नका, दुपारी दोननंतर ठेवा म्हणजे त्यांना येता येईल.